पानभर संवाद आणि मागाचा खडखडाट

शेजारच्या यंत्रमागावरच्या सदाने मान उडवून विचारलं, काय झालं? मी चार बोटं दाखवली. कथा चौथ्यांदा परत आली होती.

आमचा फोनवर कथालेखनाचा ग्रुप आहे. नव्या माणसाला एक मार्गदर्शक मिळतो. त्याने 'ठीक' म्हटल्याशिवाय कथा दिवाळी अंकात जात नाही. मला जयसिंगपूरच्या प्रभाबाई मिळाल्या, निवृत्त शिक्षिका. भेट कधीच नाही. आठवीतून शाळा सोडून नांदेडकडून कबनूरला मागावर आलेल्या माणसाची ओळ न् ओळ त्या वाचतात, हे उपकारच. पण त्या दिवशी डोकं फिरलं. संध्याकाळी सहाला अंक बंद होणार आणि बाईंचा शेरा तोच: "संवाद खोटे वाटतात."

आधी तीनदा मी 'होय बाई' म्हणून शब्द बदलले होते. उलट बोललो आणि ग्रुपमधून काढलं तर?

आता मात्र शेडमधूनच व्हॉइस मेसेज केला. "बाई, अकरा वर्षं मागावर उभा आहे मी. खोटं कसं लिहीन?" तेवढ्यात कांडी संपली. कांडी म्हणजे आडव्या सुताची नळी. ती संपली तरी माग चालूच राहिला आणि वीतभर कापड विरळ गेलं.

मालक कानाशी येऊन ओरडले, "काय पावणं, कापड इणाय आलाय का फोनवर गप्पा हाणाय? जावा भाईर!"

बाहेर आलो तर बाईंचाच फोन.

"तुमच्या मेसेजात नुसता खडखडाट आहे. एक शब्द कळत नाही."

"शेडमध्ये कुणालाच काही ऐकू येत नाही, बाई."

"मग तुमचा नायक तिथं कांड्या भरणारीशी पानभर बोलतो, ते तिला ऐकू जातं?"

ग्रुपवरच्या कथांत माणसं सलग, गोड बोलतात. मीही तसंच लिहिलं होतं.

"तुम्ही बोलता कसं तिथं?"

"हातानं. ओठ बघून."

"अहो, मग हे तीन आठवडे सांगायला काय झालं होतं? मी काय माग बघितलाय?"

जेवणाच्या सुट्टीत पान खोडलं. संवादाची दोन वाक्यं उरली, बाकी हातवारे. सहाला पाच कमी असताना 'ठीक' आलं. कथा छापली गेली. पहिलीच प्रतिक्रिया आली: "छान, पण संवाद कमी वाटले."

सल्ला पटला नाही तर माणसाने भांडावं, वेळ वाचतो. आता माझ्याकडेही दोन नवे लिहिणारे दिलेत. दोघंही सांगेन ते मुकाट ऐकतात. डोकं उठतं.