उपडी प्लेट

बंगळूरच्या बाहेर आमचं फ्लाइंग स्कूल आहे, तिथलं कँटीन मी चालवते. शिक्षण चौथी. विमानात एकदाही बसलेली नाही. पण इंजिन कसं बंद पडतं ते मला विचारा! हवेत ज्याचं बिघडतं, तो खाली उतरला की आधी माझ्याकडे येतो, चहा मागतो आणि बडबडतो. वीस वर्षांत डोक्यात नुसता ढीग झालाय.

एक रीत मात्र माझी. जो एकटा उडायला जाईल, त्याची प्लेट टेबलावर उपडी. त्याने परत येऊन स्वतःच्या हाताने सरळ करायची. दुसऱ्या कुणी हात लावला तर हात मोडीन!

*

मेकॅनिक नागराजअण्णा रोज सकाळी पोरांना टाकीतलं थोडं पेट्रोल काढून बघायला लावतात. त्यात पाणी असलं की इंजिन हवेत बंद. एकदा बाटली सापडेना, म्हणून एका दिवट्याने माझा चहाचा ग्लास पळवला! मी झारा घेऊन मागे.

अण्णांनी ग्लास उजेडात धरला. तळाला पाण्याचा टपोरा थेंब! म्हणाले, "अक्का, स्वल्प थांबा. आधी याला चहा द्या, मग मारा."

चहा दिला. ग्लास अण्णांना कायमचा देऊन टाकला.

*

शिकाऊ प्रवीणचं इंजिन बंद पडलं आणि तो उतरला थेट रागीच्या, म्हणजे आपल्या नाचणीच्या, शेतात. मालकीण आजी विळा घेऊन धावत आली. तिने विचारलं, "ऊटा आयता?" जेवलास का! आधी पोटभर जेवू घातलं, मग मोडलेल्या पिकावरून अर्धा तास शिव्या. निघताना पिशवीभर रागी.

मी त्याला परत पाठवला. "जा, त्या माऊलीला माझा नमस्कार सांग. सांगितल्याशिवाय इथे चहा नाही!"

*

कॅप्टन सर शिकवताना हवेत अचानक इंजिनाचा जोर कमी करतात आणि ओरडतात, "इंजिन गेलं! उतरणार कुठे?" सराव म्हणे. सरी, ठीक आहे, हवेत ओरडा. हे कँटीनमध्येही ओरडतात! पोराने डोसा बाजूला ठेवून म्हणायचं, "नाक खाली, वेग धर, मोकळी जागा शोध."

पुण्याच्या मेघनाला एकदा असा ठसका लागला की मी भडकलेच. "सर, पोरीला घास तरी गिळू द्या!"

"अक्का, इंजिन घासासाठी थांबत नाही."

*

एका सकाळी त्याच मेघनाची प्लेट उपडी होती. सर दारात वॉकीटॉकी घेऊन उभे. त्यातून तिचा आवाज आला, "इंजिन गेलं." मग नुसती खरखर. सरांनी दोनदा हाक मारली. उत्तर नाही. ते आत येऊन तिच्या टेबलाशी बसले आणि त्यांचा हात तिच्या प्लेटकडे गेला.

"हात लावायचा नाही!" मी ओरडले.

मग माझा फोन वाजला. "अक्का, कोरड्या तळ्यात उतरलेय. मी ठीक, विमान ठीक. डोसा टाका. आणि सरांना सांगा, आज मीच ओरडले."

जीपने तिला आणलं. तिने प्लेट सरळ केली. सरांनी तव्यावरचा डोसा स्वतः आणून वाढला. तिने पहिला घास तोंडात घातला, तशी मी कमरेवर हात ठेवून समोर उभी. "कसं बंद पडलं गं? लागलं का कुठे? बोल की!"

सर माझ्यावर ओरडले, "अक्का, पोरीला घास तरी गिळू द्या!"