मधल्या पाइपातलं पाणी

अन्याय झाला तो अवसरी बुद्रुकच्या चार विहीर खोदणाऱ्यांवर. २००३ साली, हनुमान जयंतीच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी आठ वाजता. ठेकेदाराने चौघांनाही कामावरून काढलं. गुन्हा एवढाच, की ते खड्ड्यात उतरले नाहीत.

नदीकाठी पाणीयोजनेची खोल विहीर घ्यायची होती. ओली वाळू, खणावी तेवढी ढासळायची. म्हणून जमीनच गोठवायला घेतलेली. विहिरीच्या कडेनं गोलाकार पाइप पुरले आणि त्यांतून बर्फाहून गार मिठाचं पाणी रात्रंदिवस फिरवलं. पाइपांभोवतीची वाळू गोठून एकसंध झाली की भिंत तयार. मग तिच्या आत खणायचं. युक्ती झकास होती. घाई नडत होती.

पाणी गार करणाऱ्या मशीनवरचा मेकॅनिक मंचरच्या बटाट्याच्या कोल्ड स्टोरेजमधला. त्यानं चौघांना बजावलेलं, "मधोमध उघडा पाइप हाय. भिंत सगळीकडनं मिटली की आतलं पाणी कोंडतं अन् त्या पाइपातनं वर येतं. तवर उतरू नका."

पाणी हललं नव्हतं. तरी ठेकेदार म्हणाला, "काय राव, विहीरवालेच विहिरीला भ्यायला लागले?"

चौघांतले थोरले, त्यांना सगळे मामा म्हणत, शांतपणे बोलले, "भेत न्हाई. तुमी व्हा पुढं, आमी आलोच मागनं."

ठेकेदार काही पुढं झाला नाही. चौघांना घरी पाठवून तो दुसरे खोदणारे शोधायला निघाला.

मी तेव्हा बावीसचा, चौघांच्याच गावचा. झेरॉक्स काढून पत्रक वाटलं: पाइपात पाणी चढल्याशिवाय माणूस उतरणार नाही. मंचर, जुन्नर, दोन्ही आठवडी बाजारांत. ठेकेदाराला एकही खोदणारा मिळाला नाही. आम्ही पाइपाशी बसून राहिलो. मामा रोज सकाळी दगड बांधलेली सुतळी आत सोडून किती भिजते ते बघायचे.

सहाव्या सकाळी सुतळी सोडावी लागलीच नाही. पाणी तोंडावरून ओसंडत होतं.

"घ्या," मामा म्हणाले, "पायपानंच आमाला कामावर घेतलं."

ठेकेदाराला चौघांना परत बोलवावं लागलं. भर उन्हाळ्यात ते शेजारच्या मेंढपाळाच्या घोंगड्या पांघरून खाली उतरले. पहार भिंतीला लागली की दगडावर आपटल्यासारखी खणखणायची. थेट कातळापर्यंत खणलं, मूठभर वाळू अंगावर आली नाही. कातळ लागला त्या दिवशी मामा त्याच वाळूला पाठ टेकून आरामात उभे राहिले आणि खालून ओरडले, "लई गार हाय, भाऊ. ठेकेदाराला पाठवा."

तुमच्या गावात आज कुठं खोल खड्डा खणत असतील तर उठा, तिथं जा आणि कडा कशानं धरल्यात ते विचारा. उत्तर मिळेपर्यंत आतल्या माणसाला वर बोलवा.