शववाहिनीचे पाटे

आमच्या चाळकमिटीने स्वतःची शववाहिनी करायचं ठरवलं, तेव्हा मागणी एकच होती: मधे तिरडी आणि तिच्या दोन्ही बाजूंना मिळून वीस माणसं. लालबागेत कोणी गेलं की सगळी चाळ निघायची, पण दादरच्या स्मशानापर्यंत चालत जाऊन परत यायचं म्हणजे गिरणीची पाळी बुडायची. मग कमिटीने शाळेची एक जुनी बस मिळवली, तिच्या सीटा उपटल्या आणि ती परळला आमच्या गॅरेजात आणून उभी केली. मी तिथे फिटर होतो, चोवीस वर्षांचा, शिवाय चाळीच्या गणपतीतला हुकमी नट. हे काम माझ्याकडे आलं याचा मला कोण आनंद!

वीस माणसांना बसचे पाटे पुरणार नव्हते. पाटे म्हणजे एकावर एक रचलेल्या, कमानीसारख्या वाकवलेल्या पोलादी पट्ट्या. गाडीचा सगळा भार त्यांच्यावर. मी मोडीत निघालेल्या मालट्रकचे पाटे काढून आणले. ते बसला सरळ बसेनात, म्हणून चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, नवी भोकं पाडली, नव्या कड्या ठोकल्या, आणि साखळीच्या कप्पीने एकेक जुडगा वर चढवला. जुडगा हलवायला तिघेजण लागत. शेवटचे बोल्ट आवळताना पान्याला चार फुटी पाइप जोडून मी त्यावर अक्षरशः नाचलो, आणि बघायला आलेल्यांनी टाळ्या वाजवल्या.

गॅरेजचा मालक, आम्ही त्याला मिस्त्री म्हणायचो, विडी ओढत बाजूला उभा होता. म्हणाला, "दोन-दोन पट्ट्या कमी कर. भरलेली चालेल, रिकामी उडेल."

मी पान्याची तलवार केली. "मिस्त्री, संयुक्त महाराष्ट्राचे दिवस आहेत. नाक्यावर एक हाक मारली तर पाचशे माणसं येतात. मराठी माणसाची शेवटची गाडी रिकामी जाईल?"

गॅरेजभर हशा. मिस्त्रीसुद्धा हसला. हशा आला की मुद्दा जिंकला, असंच मी तेव्हा धरून चालायचो. पट्ट्या तशाच राहिल्या.

आठवड्याच्या आत पहिली फेरी निघाली. तळमजल्यावर मालवणकडचा एक सांचेवाला, म्हणजे गिरणीत माग चालवणारा, राहायचा, अगदी अबोल माणूस. त्याची आई गेली. ती गावाहून येऊन चारच महिने झालेले, तिला चाळीत धड कोणी ओळखत नव्हतं. त्यात अर्धी चाळ पाळीवर, उरलेली मोर्चाला. गाडीत बसली चार माणसं: तिचा हा मुलगा, दोन म्हातारे शेजारी, आणि गाडीचा कर्ता म्हणून मिरवायला मी. चालवायला मिस्त्री.

परळच्या नाक्यावर चाकं ट्रामच्या रुळांवर चढली आणि गाडी उडाली. तिच्याबरोबर तिरडी उडाली. बाईंचं डोकं बाजूच्या लोखंडी पट्टीवर आपटलं. तो आवाज मला अजून येतो. मिस्त्रीने वेग कमी केला, तरी दगडी रस्त्यावर पाटे तसूभर दबेनात. मुलाने विस्तवाचं मडकं दोन पायांत धरलं आणि दोन्ही हात आईच्या डोक्याखाली घातले. "हळू घेवा," तो म्हणाला, "आवशीक लागता."

हिंदमाताला त्याने गाडी थांबवायला सांगितली. "उतरवूया तिका. खांद्यार नेवया."

मडकं त्याच्या हातात, मिस्त्री गाडीवर, म्हणजे खांदे उरले तिघांचे, त्यातले दोन सत्तरीचे. पण मी नको म्हणालो ते म्हाताऱ्यांसाठी नव्हे. पहिल्याच फेरीत भर रस्त्यात माझ्या गाडीतून तिरडी उतरली, तर लालबाग-परळ वर्षभर हसलं असतं. मला तेवढंच दिसत होतं.

समोरून मोर्चा आटोपून कामगार परतत होते, खांद्यावर झेंडे गुंडाळलेले. मी मागच्या पायरीवर उभा राहिलो आणि गणपतीतला आवाज लावला. "बंधूंनो! सत्याग्रहात लाठी खाल्लेली माउली चालली आहे, आणि तिच्याबरोबर चार माणसं?"

टोप्या उतरल्या. पंधरा-सोळा जण चढले. पाटे दबले, आणि गाडी पाळण्यासारखी चालू लागली. लिहायला लाज वाटते, पण त्या क्षणी मला अभिमान वाटला. पाट्यांचा.

स्मशानात घोषणा झाल्या. तिरडी खाली ठेवल्यावर एक धिप्पाड कामगार चार शब्द बोलायला पुढे आला. आधी त्याने मुलाला हळूच विचारलं, "भाऊ, कुठल्या मोर्चात होत्या आई?"

मुलगा गोंधळला. "माजी आवस? मोर्चो म्हणजे काय ता तिका म्हायत नव्हता. डोळे दाखवूक इली होती मुंबैक."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. एवढे प्रेक्षक समोर होते आणि आयुष्यात पहिल्यांदा नाटक जमेना. शेवटी खरं तेच सांगितलं. "गाडी उडत होती. वजन हवं होतं."

"म्हणजे आम्ही काय सिमेंटच्या गोणी रे?"

हा किस्सा मी आजवर शंभर वेळा सांगितला असेन, पाटे, तलवार, माउली, सगळं करून दाखवत, आणि दरवेळी या गोणींवर थांबतो. लोक पोट धरून हसतात. पुढचं आज पहिल्यांदा लिहितोय.

सात-आठ जण थुंकून निघून गेले. धिप्पाड कामगाराने टोपी डोक्यावर चढवली, पण तो गेला नाही. "आलोच आहोत, तर म्हातारीला टाकून कसं जायचं?" म्हणत त्याने लाकडं रचायला घेतली. माझ्या हातातलं लाकूड मात्र त्याने काढून घेतलं.

चिता पेटल्यावर मुलगा नळावर हात धूत होता. मी जवळ जाऊन म्हणालो, "माफ कर रे."

त्याने वर पाहिलं नाही. "कपाळाक खरचाटला होता तिच्या. लोक गाडीत चढाक लागले, तेव्हा मी पदर फुडे ओढलंय."

"का?"

"त्यांनी बघितला असता तर तुका सोडला नसता."

जायच्या वेळी त्याने दोघा म्हाताऱ्यांना पुढे मिस्त्रीशेजारी बसवलं आणि मिस्त्रीला सांगितलं, "हळू न्हेवा. गाडी रिकामी आसा." मग तो चालत निघाला. मी त्याच्या चार पावलं मागून लालबागपर्यंत चालत आलो. त्याने मागे वळून पाहिलं नाही, आणि शेजारी जाऊन चालायचं मला धाडस झालं नाही.