गुळाविना पाणी

माझा स्वभाव संशयी आहे, हे आमच्या पुण्याच्या आळीत सर्वांना ठाऊक आहे. दूधवाल्याचं माप मी बोट बुडवून पाहतो. त्यामुळे ‘तुमच्या भगिनीस निपाणीच्या बायकांनी फूस लावून नेले, येऊन सोडवावी’ असं यमूच्या सासऱ्यांचं पत्र बेळगावहून आलं, तेव्हा मी त्याच संध्याकाळची गाडी धरली. यमू माझी धाकटी बहीण. आईवडिलांमागे तिचं लग्न मीच लावून दिलं होतं. तिला शोधून सासरी पोचवायची, एवढंच मनात होतं.

बेळगावला उतरलो तेव्हा हवा गार होती. टांगेवाला माझ्याशी मराठीत भाव करून घोड्याशी कानडीत बोलत होता. मला लुबाडायचा बेत तो घोड्याला सांगतोय, असं सारखं वाटत राहिलं. टांगा मात्र त्यानं बिनचूक दारात नेला.

यमूच्या सासरी माझी सरबराई झाली. जेवायला मांडे (पिठीसाखर घातलेली, कागदासारखी पातळ मोठी पोळी) आणि वाटीभर आटीव दूध. यमूचे यजमान मान खाली घालून जेवत होते. सासूबाई म्हणाल्या, “आम्ही काय कमी केलं होतं तिला? निपाणीत त्या बायांचं एक घर आहे, चेटूक करतात म्हणे.” हात धुवून परसातून परतताना माजघराशेजारच्या खोलीच्या दाराला बाहेरून नवीकोरी कडी दिसली. आत काय ठेवता, असं मी सासूबाईंना विचारलं.

“लोणची. मांजर फार झालंय हो.”

मला ते पटलं.

दुसऱ्या दिवशी सर्व्हिस मोटारीनं निपाणीला निघालो. जागा नव्हती म्हणून मला मिरच्यांच्या पोत्यावर बसवलं. संकेश्वरच्या अलीकडे चाक बसलं, तोवर शिंकून शिंकून माझं नाक लाल झालं होतं. “उतरा अण्णा, पाय मोकळं करा,” ड्रायव्हर म्हणाला. खाली झाडाखाली बसलेल्या एका प्रवासी बाईला मी सहज विचारल्यासारखं विचारलं, निपाणीत बायकांचं ते घर कुठं आहे?

“तुमास्नी कशाला पायजे?”

“बहीण आहे माझी तिथं. ते घर कसं आहे?”

“मग भनीलाच इचारा की,” असं म्हणून ती चार हात लांब जाऊन बसली. सगळ्या सामील आहेत, अशी माझी खात्री झाली.

निपाणीत गावाच्या आधी तंबाखूचा वास येतो. ते घर म्हणजे तंबाखूची जुनी वखार निघाली. आतून शिवणयंत्राचा खडखडाट येत होता आणि कुणी बाई कुणाला तरी पत्र वाचून दाखवत होती. दारात गंगाआक्का नावाच्या साठीच्या बाई भेटल्या. घर त्याच चालवत होत्या. त्यांची बोटं तंबाखूनं पिवळी पडलेली.

“मी यमूचा भाऊ. तिला न्यायला आलोय.”

“व्हय. बसा.” सोप्यावर (दारालगतच्या बैठकीत) घोंगडं अंथरून त्या आत गेल्या. थोड्या वेळानं पाण्याचा तांब्या आला. नुसताच. या मुलखात वाटसरूलासुद्धा पाण्याबरोबर गूळ देतात. मोटारीच्या अड्ड्यावरच्या पानवाल्यानं दिला होता. इथला चिक्कूपणा पाहून मला या बायकांबद्दल जे काही ऐकलं होतं ते सगळं खरं वाटू लागलं. पाणी पिऊन मी बसून राहिलो. कुणी आलं नाही.

“यमूला लपवून ठेवलीय का?” शेवटी मी आवाज चढवला.

“आत हाय की. न्हाय येणार ती,” गंगाआक्का दारात येऊन म्हणाल्या.

“असं तिनं सांगितलं?”

गंगाआक्कांनी रिकाम्या तांब्याकडे बोट केलं. “गूळ आला न्हाय न्हवं?”

मग त्यांनी तिथली रीत सांगितली. घरचं माणूस आलं की पाणी ती बाई स्वतः भरून पाठवते. भेटायचं असलं तर बरोबर गूळ, नसलं तर नुसतं पाणी. “बापाला, भावाला तोंडावर न्हाय म्हणायला जीभ रेटत न्हाय वो. म्हणून ह्यो गूळ.”

“पण हे सुरू कुणी केलं?” मी उलटतपासणी घेतल्यासारखं विचारलं.

“आमी चौघी. ह्याच वखारीत तंबाखूची पानं निवडत हुतो. एकीचा नवरा कोयता घिऊन आला, तवा तिला पोत्यांमागं दडवली. म्होरं मालक वारला, मालकिणीनं रिकामी वखार आमास्नी दिली. आता पार चिकोडीकडनं बाया येत्यात. शिवण शिकत्यात, अक्षरं शिकत्यात. परतबी जात्यात, पर सोताच्या पायानं.”

मी खोट शोधत दारं न्याहाळत होतो. एकाही दाराला बाहेरून कडी नव्हती. उपटल्याच्या खुणा तेवढ्या होत्या.

“काढल्या समद्या,” आक्का म्हणाल्या. “हितं कड्या फकस्त आतनं. तुमची भन तर कडी वाजली की थरथरायची. सासू माजघराशेजारी कोंडत हुती तिला. दोन-दोन दिस.”

मला ती लोणची आठवली. दूधवाल्याचं माप तपासणारा मी, त्या दारासमोर हात पुसत उभा राहिलो होतो. मला माझीच भयंकर लाज वाटली.

“तिला सांगा,” मी म्हणालो, “न्यायला आलो होतो, पण आता नेत नाही. त्या घरी परत जा, असं मी कधीही म्हणणार नाही.”

आक्का आत गेल्या. पत्राचं वाचन थांबलं. उन्हाची तिरीप घोंगड्यावरून माझ्या पायांपर्यंत सरकली. मग दारात यमू आली. हातात जर्मनची (अ‍ॅल्युमिनियमची) बशी, बशीत गुळाचा खडा.

“वाळलास रे दादा,” ती म्हणाली. मघापासून पत्र वाचणारा आवाज तिचाच होता आणि मला तो ओळखू आला नव्हता. ती तिथं बायकांना अक्षरं शिकवत होती. तिथंच राहणार म्हणाली. मी गूळ खाल्ला आणि रडलो.

पुण्याला परतून पंधरवडा होतो न होतो, तोच यमूचे सासरे दारात हजर. “आणलीत का तिला?” आमच्या हिनं रीतीप्रमाणे पाण्याचा तांब्या आणि गुळाची वाटी पुढे आणली. मी वाटी उचलली आणि परत तिच्या हातात दिली. ती बघतच राहिली.

“यमू येणार नाही,” मी त्यांना म्हणालो. “पाणी प्या.”