रोह्याचे पाट, हमरापूरचे गणपती

धंद्यात नाव काढलं म्हणून परवा रोह्यात माझा सत्कार झाला. शाल इतकी पातळ की तिच्यातून समोरचे लोक दिसत होते. तेही चाललं असतं, पण भाषणाला उभे राहिले कंपनीतले आमचे जुने साहेब, आता निवृत्त. म्हणाले, "तरुणांनो, लोकांच्या उपयोगी पडा, संधी आपोआप चालत येते. याच्याकडे बघा. याला मी घडवला!"

डोक्यावरचा फेटा पेटला नाही हेच नवल. टाळ्या वाजवणाऱ्यांत माझी सख्खी बायको होती, तो वाद घरात अजून मिटलेला नाही.

घडवला म्हणे! घडवतात पेणजवळ हमरापूरला, माझ्या मामाच्या गणपतीच्या कारखान्यात, आणि तिथे आधी माती मळावी लागते. या माणसाने मला नुसता मळला.

मी रोह्याजवळच्या खांब गावचा. कंपनीत कंत्राटावर होतो. ड्रम ढकलायचे आणि त्यांच्यावर नावं रंगवायची. डोक्यात एकच वेड, पर्मनंट व्हायचं. पर्मनंट म्हणजे बूट, कँटीन, आजारी पडायची मुभा. मुलीचा बाप पोरगा काळा का गोरा ते नंतर बघायचा, आधी विचारायचा, "पर्मनंट हाय का?"

साहेब घाटावरचे. त्यांना कुठूनसं कळलं की माझा मामा मूर्ती करतो. मग काय, "पेणचा गणपती आणशील का रे?" आमच्याकडे मूर्ती अशी दुकानातून उचलून आणत नाहीत. आषाढात घरचा पाट कारखान्यात न्यायचा, त्यावर खडूने नाव घालायचं, आणि मूर्ती त्याच पाटावर बसून घरी येते. पहिल्या वर्षी मी साहेबांचा एकच पाट नेला. दुसऱ्या वर्षी शेजारच्या साहेबांचा, मग त्यांच्या शेजारच्यांचा, मग सगळ्या कॉलनीचे. एस.टी.च्या टपावर मागच्या बाजूला इतके पाट चढवले की नागोठण्याच्या पुलावर गाडीची पुढची चाकं उचलली गेली आणि कंडक्टरने मागच्या सगळ्या बायकांना उठवून ड्रायव्हरपाशी बसवलं, तेव्हा कुठे चाकं टेकली. खोटं वाटत असेल त्याने तो कंडक्टर शोधावा.

परत येताना टेम्पोत पेंढा, पेंढ्यात गणपती, प्रत्येकाच्या तोंडावर रुमाल, आणि मध्ये मी, दहा हातांनी सगळ्यांना सावरत. वडखळपुढच्या एका खड्ड्यात टेम्पो उतरला तेव्हा आभाळ दिसेनासं झालं. वर आलो तर नागोठणं मागे पडलेलं. पण इतक्या वर्षांत एका मूर्तीचं बोट मोडलं नाही. थंडीत मडक्यात वालाच्या शेंगांची पोपटी लावायला मी, पोहे-पापड पोचवायला मी, साहेबांच्या बाईंच्या माहेरच्यांना एस.टी.त बसवून द्यायलाही मी. साहेब खांद्यावर हात ठेवून म्हणायचे, "तू फार मोलाचा माणूस आहेस." मला वाटायचं, आता झालंच.

मग एका पावसाळ्यात काही कंत्राटी लोकांना पर्मनंट केलं. ड्रमांच्या मागे झोपून ज्याच्या गालावर पत्र्याची नक्षी उठायची, तोसुद्धा झाला. मी नाही. मी साहेबांच्या केबिनमध्ये गेलो.

"साहेब, माझं काय झालं?"

"अरे, तुझं नाव होतं. मीच काढायला लावलं."

"का?"

"तू शिफ्टला लागलास की गणपतीत सुट्टी मिळणार का तुला? मग आमच्या मूर्ती कोण आणणार?" आणि हसले. मनापासून हसले हो! "बरं, यंदा आमची जरा मोठी सांग मामाला. आणि डोळे शांत ठेवायला सांग."

मी बाहेर पडलो तेव्हा कँटीनचा चहा स्टोव्ह न पेटवता उकळला. कुंडलिका नदीच्या पाण्यावर वाफा धरल्या. लोक म्हणाले, कंपनीने काहीतरी सोडलं असणार.

तसाच हमरापूर गाठलं. मामा एका मूर्तीचे डोळे आखत बसला होता.

"मामा, कॉलनीचे सगळे पाट काढ. रिकामे नेऊन त्यांच्या दारात आपटतो."

मामाने मूर्तीवरून ब्रशही उचलला नाही. "या कारखान्यातून रिकामा पाट परत जात नाय. माझ्या बापाच्या वेळी नाय गेला, तुझ्या रागापायी जाईल व्हय?"

"तू माझा मामा का त्यांचा?"

"मी पाटाचा. पाट त्यांचा, मूर्ती माझी. यात तुझं काय हाय, सांग."

"काय नाय."

"येडा का खुळा तू? हमरापूर ते रोहा मूर्ती नेतो कोण? तेवढं तुझं. तेवढं काढून घे नि गप बस."

गप बसणं! मला! तरी बसलो. श्रावण सरला, चतुर्थी तोंडावर आली, तसा साहेबांचा निरोप आला, टेम्पो कधी निघतोय? मी ड्रम ढकलत सांगून पाठवलं, "शिफ्ट सोडून कसा येऊ? माझी सुट्टी मंजूर कोण करणार?"

शेवटी साहेबांची फौज जीपा घेऊन स्वतः हमरापूरला गेली. ओल्या मातीत पांढऱ्या पँटी. मामाने बजावलं, मूर्ती मांडीवरच न्यायची, खाली टेकवायची नाही. हायवेला गाड्यांची रांग अशी की पुढची गाडी गोव्यात आणि मागची पनवेलला. त्या रांगेत साहेब, मांडीवर गणपती, सोंड नाकाला लागलेली, शिंकायची चोरी. दसऱ्यापर्यंत लंगडत होते. हे जीपच्या ड्रायव्हरने सांगितलं. मी फक्त रंगाचा एक हात दिला.

विसर्जन झालं आणि दुसऱ्या दिवशी गेटवर वॉचमनने मला अडवलं. "उद्यापासून येऊ नको." कारण विचारलं, तर म्हणाला, "साहेबांचा हुकूम." हे मी वाढवून सांगत नाही. इथे वाढवण्यासारखं काही नाही. बूट नाही, कँटीन नाही, ठरत आलेलं लग्नसुद्धा त्या आठवड्यात मोडलं.

पुढच्या आषाढात रोह्याच्या बाजारातला एक किराणावाला पाट काखेत मारून आमच्या दारात आला. "तुझ्या टेम्पोतल्या मूर्ती मी दर वर्षी बघायचो. एकही मोडली नाय कधी. आमचा नेशील?" त्याच्यामागून शिंपी आला, मग खालच्या आळीतले लोक. मग कंपनीतले पर्मनंट कामगार, तो पत्र्याच्या नक्षीवालासुद्धा. यांच्या मी कधी काडीइतकाही उपयोगी पडलो नव्हतो. एक शेड भाड्याने घेतली, मामाने मूर्ती दिल्या, आणि धंदा उभा राहिला. त्यात साहेबांचा एकही पाट नव्हता. याला चालत आलेली संधी म्हणायची तर म्हणा. तिला चालवत आणणारे पाय माझे होते, आणि ज्याच्यासाठी ते झिजवले त्याने दार लावून घेतलं होतं.

सत्कार संपल्यावर साहेब माझ्या कानाशी लागले. "यंदा आमची मूर्ती घरपोच करशील ना? वय झालं रे."

"पाट घेऊन या, साहेब. सगळे आणतात."

"मी? स्वतः?"

"स्वतः. रांग असते, जरा लवकर या."

आषाढ चालू आहे. शेडच्या दारात खुर्ची टाकून बसलोय, खडू खिशात आहे. अजून आलेले नाहीत. आले तर मूर्ती मिळेल, मामाचा नियम मी मोडणार नाही, पाट रिकामा जाणार नाही. घरपोच मात्र नाही. गणपती मांडीवर न्यायचा.