पितळी पातेल्यातला कोम्बुचा

मंडळी, मंगळवारी मी इथे पितळी पातेल्यातल्या कोम्बुचाचा फोटो टाकला होता. गोड काळा चहा आंबवून केलेलं पेय, पोटाला चांगलं, सोलापूरच्या उन्हात लवकर तयार होतं, शिवाय भांडं माहेरचं, असं बरंच लिहिलं होतं. तुम्ही कौतुकही केलंत.

आज सकाळी पाहते तर पातेलं मोरीत पालथं. आमच्याकडे भांड्यांना येणाऱ्या सुरेखामावशींनी सगळं ओतून टाकलं होतं. माझा आवाज चढला. "तुम्हाला काय कळतं यातलं?" असं म्हणाले, तेही शेजारच्या काकू दारात उभ्या असताना.

मावशींनी पातेलं उजेडात धरलं. आत हिरवट डाग होते. "ताई, कल्हई गेलीया ह्याची. असल्या भांड्यात आंबट ठिवत न्हाईत. इख हुतंय."

पितळेत ताक ठेवायचं नाही, हे आईनं मलाही शिकवलं होतं. तरी सुचलं नाही. आज दुपारी मी तो कोम्बुचा सासऱ्यांना देणार होते.

"मग मंगळवारीच का नाही सांगितलंत?"

"सांगायलाच आले हुते की. तुमी फोटू काढत हुता. बाजूला व्हा म्हणालात."

माझा फोटो बघून कुणी पितळेत लावला असेल, तर ओतून टाका. काचेची बरणी घ्या.

इथे एवढं सगळं लिहून झालं. मावशी मात्र भांडी घासून गेल्या, तोवर मला त्यांच्याशी माफीचा एक शब्द बोलता आला नाही. तुम्हाला आला असता का?