नियम नियमांच्याच फोल्डरात

आधी मंगलकाकूंचं नाव लिहितो, मग काय झालं ते. सहा आठवड्यांपूर्वी सकाळी त्यांचा मला बंगळुरूला फोन आला. "संतोष, हे गेले रे. झोपेतच. तू घाबरा होऊ नकोस, नीट ये. तू येईपर्यंत हलवायचं नाही म्हणून सांगितलंय मी सगळ्यांना." हे म्हणजे आमचे विनायक सर. मी त्यांचा ना मुलगा, ना पुतण्या. विमानानं पुणे, तिथून मिळेल त्या गाडीनं केडगाव... पोचलो तेव्हा उन्हं उतरली होती आणि दारात कुणीतरी कुरकुरत होतं, "येवढा कोन पाव्हना हाय, सकाळधरनं बसवून ठेवलंय समद्यास्नी?" काकूंनी ऐकलं. "यांचा विद्यार्थी आहे," एवढंच म्हणाल्या. माझी शाळा नववीत सुटली. त्यानंतर मला विद्यार्थी कुणी म्हटलं नव्हतं.

सर पॉलिटेक्निकातून निवृत्त झाले आणि घराच्या पुढच्या खोलीत जनावरांच्या बाजारांसाठी सॉफ्टवेअर करायला बसले. गेटवरची नोंद, लसीचा तपास, दाखले, असलं. मी मूळचा कर्जतकडचा, तेव्हा टेम्पो चालवायचो. त्यांची टेबलं उतरवली आणि पडद्यावर काय चाललंय ते बघत तिथंच रेंगाळलो. "टेम्पो चालू ठेवलायस का बंद?" सरांनी मान वर न करता विचारलं. "बंद हाय." "मग बस की. उभ्यानं बघून काय कळणार?" असा मी बसलो, तो पाच वर्षांनी उठलो.

सरांचा हट्ट एकच होता. मॉड्यूल, म्हणजे सॉफ्टवेअरचा भाग, कुठलंही असो, आत चारच फोल्डर, आणि नावं तीच: दार, तपास, नियम, साठा. बाहेरून आलेली मागणी दारात घ्यायची, तपासात तिची खातरजमा करायची, निर्णय नियमांत, नोंद साठ्यात. सरांना भेटायला येणारी शिकलेली पोरं हसायची, "सर, दोन ओळींच्या कामाला चार खोल्या?" सर वाद घालत नसत. मला मात्र एकदा घोडेगावच्या बाजारात घेऊन गेले. "म्हशी कुठं मिळतील रे?" "त्या काय तिकडं, कायमच्या जागेला." "तुला कुणी सांगितलं?" "सांगायला कशाला पायजे सर, आंधळाबी जाईल." "बास. कोड असा पाहिजे."

आणि तरीही मी ती चूक केलीच. लस टोचल्यावर किती दिवसांनी जनावर बाजारात घ्यायचं, ती अट मी घाईत दारातच लिहून टाकली. एक ओळ तर होती! पुढं एका बाजारानं ते दिवस कमी केले. सरांनी नियमांत बदल केला आणि निश्चिंत झाले. गेटवर मात्र माझीच जुनी ओळ जनावरं परत पाठवत राहिली. एक म्हातारबाबा गाय घेऊन चालत आलेले, दुपारपर्यंत रस्त्याकडेला बसून होते. आता आपली हकालपट्टी, म्हणून मी पिशवी भरून ठेवली. सर मला घेऊन तिथं गेले, म्हातारबाबांपुढं हात जोडले, "चूक माझी आहे" म्हणाले. परत येताना म्हणाले, "ओळ वाईट नव्हती रे. मी जिथं शोधणार, तिथं ती नव्हती..."

दोन वर्षांपूर्वी त्यांनीच मला बंगळुरूला एका सॉफ्टवेअर कंपनीत पाठवलं. इथं सगळे पदवीवाले. आज कुणीतरी सर्टिफिकेट मागेल, ही धास्ती रोज ऑफिसची पायरी चढताना असते. पण कुणाचाही कोड समोर आला की मी आधी दार शोधतो, मग नियम. आजवर निभावलंय.

गेल्या आठवड्यात एका बाजारानं पुन्हा लसीचे दिवस बदलले. आठवडी बाजार दोन दिवसांवर. तोवर जमलं नाही तर दुसरी कंपनी बघतो, असा निरोप त्यांनी काकूंना दिला. सरांचं सगळं काम त्या पुढच्या खोलीतल्या मशीनवर, आणि ते बाहेरून उघडायची सोय त्यांनी ठेवलेली नाही. मला रजा मिळेना. शेवटी काकूच मशीनपुढं बसल्या, फोन कानाला.

"मला यातलं ओ की ठो कळत नाही हं."

"कळायला नकोच काकू. 'गेट' उघडा. आत चार फोल्डर दिसतील."

"दिसले."

"नियम उघडा."

"उघडलं... अरे, वर मराठीत लिहिलंय काहीतरी."

फोन कट झाला की काय म्हणून मी दोनदा हाक मारली. तेव्हा हळूच वाचलं त्यांनी, "'हे बदलण्याआधी संतोषला विचारा.'"

काकूंनी नाक ओढलेलं मला फोनवर ऐकू आलं. "विचारलं बाबा. आता सांग, कुठला आकडा पुसू?" तो आकडा त्यांनी स्वतः बदलला. बाजाराच्या दिवशी जनावरं सुरळीत आत गेली. संध्याकाळी फोनवर म्हणाल्या, "प्रत्येक वेळी तुला कुठं विचारत बसू? मला शिकव हे."

काकू, त्या दिवशी तुम्ही माझ्यासाठी सगळ्या घराला थांबवून धरलंत. त्याची फेड एक दिवस करणार आहे. लांबची रजा मिळू दे, मी येतो. सरांच्या खुर्चीत तुम्ही बसायचं. मी शेजारी स्टुलावर बसेन, आणि तुम्हाला येईपर्यंत उठणार नाही.